कांद्याला शिवलेली पात

शाळेच्या ऑफिसात फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात समास शिकवत होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, चांदवडचा फोन आहे, दाणी साहेब बोलतायत. मला वाटलं, नेहमीचंच असणार. चांदवडला कुणी बडा पाहुणा यायचा असला की दाणींचा फोन यायचा आणि माझ्या इंदूवहिनीने स्वागताला बोलायची चार वाक्यं मी नाशिकमध्ये बसून लिहून द्यायची, असा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज होता. हातातला खडू खाली न ठेवताच मी गेलो. "सर, उद्याचं प्रात्यक्षिक रद्द करावं लागतंय," दाणी म्हणाले. मी चेष्टेने विचारलं, का हो, पाहुण्यांना कांद्याचा वास सोसत नाही की काय? ते म्हणाले, "बाई गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत."

माझ्या वहिनीच्या मरणाची बातमी मला अशी, एक कार्यक्रम रद्द झाल्याची सूचना म्हणून कळली. त्या क्षणी दाणींचा इतका संताप आला की मी फोन आपटला. पण चांदवडच्या एस.टी.त बसलो, पिंपळगाव मागे पडलं, आणि राग हळूहळू ओसरला. तो बिचारा दुसरं काय बोलणार होता? इतक्या वर्षांत त्या दोघांचं कुठलंही बोलणं कार्यक्रमाशिवाय सुरूच झालं नव्हतं. तिच्या मरणाच्या दिवशी तरी ते वेगळं कुठून सुरू होणार?

इंदूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. तुमच्यापैकी काहींनी तिचा फोटो पेपरात पाहिलाही असेल. हिरव्या रंगाचं एक लोखंडी यंत्र, शेजारी खांद्यावर शाल घेतलेली, सावळी, मान जराशी वर केलेली बाई, आणि खाली 'ग्रामीण महिलेची शोधक बुद्धी' किंवा तसलंच काहीतरी. फोटोतली ती मान अगदी खरी आहे. वहिनीची मान वरच असायची. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी मॅट्रिकला होतो. दादा आग्रा रोडवर मैलकुली होता, दिवसभर उन्हात रस्त्याचे खड्डे बुजवायचा आणि घरी आला की बोलायचा नाही. त्यामुळे घरात बोलायचं काम वहिनीने अंगावर घेतलं. ती मनमाडची, रेल्वेच्या वस्तीत वाढलेली. एका शिंप्याकडे काजं-बटणं करता करता ती शिवण शिकली होती आणि माहेरहून येताना दागिन्यांऐवजी एक जुनं पायाचं शिवणयंत्र घेऊन आली होती. सासरी आल्यावर तिने पहिली कुठली गोष्ट शिवली असेल तर माझी पँट. ती घालून मी कॉलेजात गेलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं की कुठल्या टेलरकडची. हे मी घरी येऊन सांगितलं तर ही म्हणते कशी, "मग सांगायचं ना, बाँबेच्या."

आमच्याकडे कांदा काढला की पातीसकट शेतात पसरून ठेवतात, आणि मग बायकांची टोळी ओळीने बसून विळ्याने पात कापत जाते. ऐकायला सोपं वाटतं. पण कापताना कांद्याची मान दोन बोटं ठेवावी लागते. जास्त कापली तर तो साठवणीच्या चाळीत सडतो, कमी कापली तर मालक ओरडतो. दिवसभर उकिडवं बसायचं आणि डाव्या हाताच्या बोटांजवळून विळा ओढायचा. हंगामात शिवणकाम थोडं थंडावलं की वहिनीही टोळीत जायची. दुष्काळ सरल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात विळा तिच्या डाव्या तर्जनीत घुसला. आता शिवणाऱ्या बाईचं ते बोट म्हणजे कापड पुढे सरकवणारं बोट. लग्नसराईची पोलकी घरात तशीच पडून, आणि ही बोटाला चिंधी गुंडाळून ओट्यावर बसलेली. दुसऱ्या कुणाला अशा वेळी रडू आलं असतं. वहिनीला राग यायचा, आणि राग आला की तिचं डोकं चालायचं. त्या दोन-चार दिवसांत ती आपल्या शिवणयंत्राकडे नुसती बघत बसली होती, असं दादा सांगायचा. बरं झाल्यावर तिने ते यंत्र स्टँडपासून वेगळं केलं, आणि पायडल, चाक नि वादी असा सगळा खालचा सांगाडा उचलून आग्रा रोडवरच्या सरदारजींच्या गॅरेजात नेला.

तिथे जे तयार झालं त्याला गावात 'इंदूबाईचं पायमशीन' म्हणायचे. बसायला बुटकं स्टूल, पायाने पायडल मारायचं, वर पत्र्याच्या डब्यात गोल पातं फिरायचं. डब्याला एक फट. कांदा मुठीत धरून पात तेवढी फटीत द्यायची, की मान बरोबर दोन बोटं राहून कांदा खाली टोपलीत. पहिल्या दिवशी टोळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सगळ्यांत जास्त हसली ती टोळीची म्होरकी ठकूमावशी. आणि आठवडाभरात स्टुलावरून उठायला तयार नव्हती तीही ठकूमावशीच, कारण तिचे गुडघे गेलेले होते आणि उकिडवं बसवत नव्हतं म्हणून त्या वर्षी ती कामच सोडणार होती. हंगाम संपेपर्यंत पायमशीन या शेतातून त्या शेतात डोक्यावरून हिंडलं. विंचूरकडच्या टोळ्या बघून गेल्या. सरदारजी म्हणाले, सांगाडे आणून द्या, मी बनवून देतो. एका सुताराने लोखंडाऐवजी बाभळीचा हलका सांगाडा करून बघायचं मनावर घेतलं. मी सुट्टीत गेलो तर वहिनी, सरदारजी आणि सुतार गॅरेजात जमिनीवर खडूने रेघा ओढत वाद घालत बसलेले. तिघांची तीन प्रकारची भाषा, आणि तिघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला अक्कल नाही. एखाद्या गावात नवीन धंदा जन्माला येतो तो असाच येत असेल, असं आज वाटतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की वहिनीला इतकं खुशीत मी कधी पाहिलेलं नाही.

त्या गॅरेजात दाणींची जीप पंक्चर काढायला थांबली. दाणी तेव्हा नुकते बदलून आलेले, तरुण सरकारी अधिकारी, मनाने अतिशय चांगले. हे मी आजही म्हणतो. लहान गावांत आणि खेड्यांत नव्या कल्पनांतून उद्योग उभे राहावेत म्हणून त्यांच्या कार्यालयात एक योजना आली होती, आणि योजनेला माणूस सापडत नव्हता. दाणींनी पायमशीन पाहिलं, चालवून पाहिलं, आणि मग चालवणारीची चौकशी केली. मागास तालुका, मागास वर्ग, महिला... कागदावरचे तिन्ही रकाने एकाच बाईत भरत होते. असा योग सरकारी नोकरीत एकदाच येतो. आम्ही बौद्ध, गावाच्या खालच्या अंगाला राहणारे. आमच्या वस्तीत तोवर जीप आली असेल तर पोलिसांचीच. ती आता वहिनीला न्यायला येऊ लागली.

नाशिकच्या प्रदर्शनात वहिनीचा सत्कार झाला. त्या दिवशी ती आमच्याकडे उतरली होती. घरी आल्यावर आरशासमोर उभी राहून तिने शाल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊन पाहिली आणि मला विचारलं, "भाऊजी, हे लोक शाल ऐन उन्हाळ्यात का देतात?" पण रात्री उकाड्यातही ती शाल तिने उशाशी ठेवली. कौतुकाची तिला हौस होती, फार होती, आणि का असू नये? आजवर तिच्या वाट्याला ते आलं कुठून होतं? प्रदर्शनात यंत्रापुढे पाटी लावली होती, 'नमुना यंत्र'. दादाने ती वाचली, आणि महिन्याकाठी एखादं वाक्य बोलणारा माझा भाऊ म्हणाला, "बघ, मी म्हणायचो तर पटत नव्हतं. सरकारनं पाटी लावून सांगितलं, तू नमुना हायेस म्हणून." आम्ही पोट धरून हसलो. मी मराठीचा मास्तर. 'नमुना' या शब्दाचे दोन अर्थ वर्गात सांगताना पुढे कितीतरी वर्षं मी हाच किस्सा सांगायचो. नंतर सांगेनासा झालो.

कारण यंत्र खरोखरच नमुना झालं. आग्रा रोडला लागून कार्यालयाने एक शेड बांधली, वर 'केंद्र' म्हणून पाटी लावली. धुळ्याकडे जाणाऱ्या कुठल्याही साहेबाला वाटेत उतरून बघता यावं, चहा घेता यावा, अशी सोयीची जागा. पायमशीनला हिरवा रंग दिला. नाशिकहून माणूस येऊन त्याचा आराखडा काढून घेऊन गेला. आणि पाहुण्यांसमोर हलू नये म्हणून ते सिमेंटच्या कोब्यात चार बोल्टांनी पक्कं केलं. जे डोक्यावर घेऊन शेतात फिरवायचं, ते जमिनीत गाडलं. वहिनीला तिथे प्रात्यक्षिक दाखवायला नेमलं. बायका विचारायला यायच्या, औंदा मशीन कधी मिळणार? दाणी मनापासून सांगायचे, की वरून उत्पादनाची मंजुरी आली की एक नाही, शेकडो यंत्रं निघतील, तोवर कुणी आपल्या मनाने दुसरं करू नका, नाहीतर प्रकरण अडकेल. वहिनीने तो निरोप सरदारजींना आणि सुताराला दिला. ते थांबले. पुढच्या हंगामाला थांबले, त्याच्या पुढच्याही. मग सरदारजी गॅरेज विकून मालेगावकडे निघून गेले, आणि सुतार दारं-खिडक्या करायला लागला. मंजुरी येतच होती. ती कधीही नाकारली गेली नाही, हे लक्षात घ्या. नाकारली असती तर वहिनी सुटली असती.

पायमशीन उन्हाळ कांद्यावर बेतलेलं होतं, त्याची मान बारीक आणि वाळलेली. लाल कांद्याची मान जाड, ओली. ती पात्याला गुंडाळली जाऊन यंत्र अडायचं. वहिनीला ते पहिल्या वर्षीच माहीत होतं आणि उपायही तिने मनाशी ठरवला होता. पात्याच्या मागे कंगव्यासारखी एक पट्टी. एका दुपारी शेडमध्ये कुणी नसताना तिने ती बसवली. लाल कांदा सुळकन कापला जाऊ लागला. ती आनंदाने दाणींना दाखवायला धावली, तर दाणींचा चेहरा उतरला. "बाई, नमुना एकदा आराखड्यात गेला की बदलता येत नाही. बदलला तर तो नवा नमुना होतो, आणि नव्या नमुन्याला मंजुरी पहिल्यापासून." मी त्या दिवशी दाणींपाशीच बसलो होतो. दाणींना ते बोलताना लाज वाटत होती, हेही मी पाहिलं. वहिनीने पाना घेतला, पट्टी काढली आणि पदरात बांधून घरी आणली. त्यानंतर पाहुण्यांपुढे लाल कांदा कधी ठेवला गेला नाही.

पण पाहुण्यांना हंगाम कुठे ठाऊक असतो? ते श्रावणात यायचे, भाद्रपदात यायचे. तेव्हा चाळीतला कांदा आधीच पात कापलेला, आणि शेतातला नवा बोटाएवढासुद्धा झालेला नसायचा. पातीसकट कांदा दाखवायचा कुठून? अशाच एका पावसाळ्यात मी सहज चांदवडला गेलो. दुपारची वेळ होती, वहिनी उंबऱ्याजवळ उजेडात बसून काहीतरी शिवत होती. मला वाटलं, हेमिंग चाललंय. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्या मांडीवर कांदा होता. वाळवून ठेवलेली पात पाण्यात भिजवून मऊ करायची, चाळीतल्या कांद्याच्या तुटक्या मानेवर बसवायची आणि पातीच्याच रंगाच्या दोऱ्याने, बारीक टाका घालून शिवायची. शेजारी टोपलीत तसे शिवलेले कांदे मांडलेले. टाका इतका सफाईदार, की हात लावल्याशिवाय कळू नये. मला आधी हसू आलं. मी म्हणालो, वहिनी, कांद्याचं ब्लाउज शिवताय का? ती हसली नाही. सुई कांद्यात तशीच ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "भाऊजी, मशीन कापायसाठी केलं. आता कापता यावं म्हणून शिवत बसते."

मी चिडलो. सोडून द्या म्हणालो, उद्याच्या उद्या. घरी शिवणकाम करा, टोळीत जा, पण ही थट्टा बंद करा. माझं बोलून होईपर्यंत तिने दोन टाके घातले. मग शांतपणे म्हणाली, "मी सोडलं तर शेडला कुलूप लागंल. मशीन आत हाय." एवढंच तिचं उत्तर होतं. खरेदी केलेलं नाही, विकलेलं नाही, चोरीला गेलेलं नाही. स्वतःचंच यंत्र, आणि ते बघायचं तर पाहुण्यांसोबतच बघायचं. थोड्या वेळाने तिने दुसरंही एक कारण सांगितलं. ते सांगायला तिला कुणी भाग पाडलं नव्हतं. कार्यक्रम असला की गावचे मानकरी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसायचे आणि तिने पुढे केलेला चहा घ्यायचे. याच लोकांच्या ओट्यावर आमच्या आईला कधी कुणी बस म्हटलेलं नव्हतं. "त्या खुर्चीवरून उठवत नाय भाऊजी," ती म्हणाली. "उठले तर माझ्यामागं ती कुणाला देतील का?"

तेव्हापासून मी तिला सोडा असं म्हटलं नाही. पाहुणे येत राहिले. आले की बोलायचे ते मला आता पाठ आहे. खेड्यांत बुद्धीला तोटा नाही, तिला वाव दिला तर तालुक्या-तालुक्यात उद्योग उभे राहतील, शहरांकडे जाणारा लोंढा थांबेल. बोलणं खोटं नव्हतं. मला तर ते पटायचं. फक्त ते बोललं जायचं त्या शेडच्या दारातून आग्रा रोड दिसायचा, आणि रस्त्यापलीकडे बायका विळे घेऊन उकिडव्या बसलेल्या दिसायच्या. त्यांच्यात ठकूमावशीही असायची. गुडघ्यांखाली गोणपाटाची घडी घेऊन ती पुन्हा विळ्यावर आली होती. पाहुणे दाराकडे पाठ करून बोलायचे, वहिनी त्यांच्याकडे तोंड करून उभी असायची, त्यामुळे रस्ता तिलाच दिसायचा. टाळ्या मात्र ती सगळ्यांच्या आधी वाजवायची. दाणींची मधे दोनदा बदली झाली, आणि दोन्ही वेळा त्यांनी स्वतः मागून चांदवड परत घेतलं. बाईंना मंजुरी मिळवून दिल्याशिवाय मी इथून जाणार नाही, असं ते मला म्हणाले होते. ते केस पांढरे होईपर्यंत गेलेच नाहीत.

वहिनीची नि माझी शेवटची भेट गेल्या थंडीतली. कुणीतरी येणार होतं म्हणून मी लिहून दिलेलं भाषण तिने वाचायला घेतलं. वाचायला ती माझ्याकडूनच, संसार सांभाळून, अडखळत शिकली होती. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "इथं तुम्ही लिहिलंय, हे यंत्र शेतात चालतं. तसं नको. चाललं होतं, असं करा." मी म्हणालो, वहिनी, अर्थ बदलतो. ती म्हणाली, "म्हणून तर." मी कार्यक्रमाला थांबलो. हिरव्या यंत्राशेजारी उभी राहून, मान वर करून, खणखणीत आवाजात ती म्हणाली की हे यंत्र शेतात चाललं होतं. कुणाच्याही लक्षात आलं नाही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, आणि वाजवताना माझे डोळे भरून आले, ते तिने पाहिलं आणि भुवया उडवून मला गप्प राहायची खूण केली.

दिवसकार्याऐवजी आमच्यात पुण्यानुमोदन असतं, तो दिवस ऐन काटणीत आला. वंदना झाली, आणि थोड्या वेळात टोळीतल्या बायका आल्या. काम टाकून, तशाच शेतातून. दारात चपला काढल्या, आणि चपलांपाशीच प्रत्येकीने हाताच्या बोटांतून काहीतरी ओढून काढून ठेवलं. मला आधी वाटलं पट्ट्या असतील, जखमांच्या. बायका आत गेल्यावर मी वाकून पाहिलं. ट्रकच्या जुन्या ताडपत्रीच्या, जाड्याभरड्या कापडाच्या लहान लहान टोप्या होत्या, एक अंगठ्याला, एक तर्जनीला. कांद्याच्या चिकाने काळ्या पडलेल्या, पण टाका ओळखीचा. मी ठकूमावशीला हळूच विचारलं. ती म्हणाली, पायमशीन आलं त्या साली पात्याजवळ बोट जातं म्हणून इंदूनं या करून दिल्या होत्या. "मशीन सायबानं नेलं, टोप्या ऱ्हायल्या. मग इळ्यालाबी घालायला लागलो." घाम साचतो म्हणून इंदूने पुढच्या साली त्यांना चीर दिली, निसटतात म्हणून त्यापुढच्या साली फास लावला, कांद्याची मान मापायला बाजूने खूण शिवली. दर हंगामाला काहीतरी वेगळं. आता बायका आपल्या आपणच शिवतात, लेकी सासरी जाताना घेऊन जातात. विंचूरकडे सगळ्या घालतात म्हणे, आणि तिथे कुणाला इंदूबाई ठाऊकसुद्धा नाही. मी वहिनीच्या इतक्या जवळचा, तिची भाषणं लिहिणारा माणूस. मला तिने यातलं एक अक्षर कधी सांगितलं नव्हतं. भाषणात येईल म्हणून सांगितलं नसणार.

मग दाणी आले. दादाजवळ खाली जमिनीवर बसले, दादाचा हात हातात घेतला. निघताना माझ्या पुतणीला, संगीताला, नजर चुकवत म्हणाले की वरून विचारणा आहे, प्रात्यक्षिकासाठी ती येईल का. संगीता म्हणाली, "नाही जमणार, साहेब." त्यांनी मान हलवली. मला तर वाटलं, त्यांना बरंच वाटलं. बुटात पाय घालायला ते वाकले आणि थांबले. एक टोपी उचलली, फिरवून पाहिली, स्वतःच्या अंगठ्यात घातली. ती चीर, तो फास, ती मापाची खूण, सगळं त्यांच्या बोटाने एका क्षणात ओळखलं. शेवटी त्यांनीच पहिल्यांदा पायमशीन ओळखलं होतं. कित्येक वर्षांत मी त्यांचा चेहरा असा उजळलेला पाहिला नव्हता. "हे... हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

घरातल्या बायकांनी दाराकडे पाहिलं. संगीताने खाली पाहिलं. ठकूमावशी गुडघ्यावर हात टेकत उठली, दारापर्यंत आली, आणि त्यांच्या अंगठ्यातून ती टोपी काढून घेत म्हणाली, "कुणी नाय सायेब. चिंध्या हायेत त्या."

दाणींनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेला माणूस खरं सांगेल असं त्यांना वाटलं असावं. मी म्हणालो, "चिंध्याच आहेत." त्यांनी बुटांत पाय घातले. नंतर बुटाची नाडी न बांधताच रस्त्याला लागले. त्यांना कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि त्यांची विचारण्याची सवय मला चांगली माहीत आहे. बायकाही उठल्या. अर्धा प्लॉट कापायचा राहिला होता, आणि ऊन चढत होतं. दारात प्रत्येकीने आपापली चिंधी शोधून बोटांत चढवली आणि त्या शेताकडे गेल्या.

शेडला आता कुलूप आहे. हिरवं यंत्र आत आहे, खिडकीच्या काचेतून दिसतं. एक टोपी मी मागून घेतली, ती माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आहे. कांद्याचा वास अजून गेलेला नाही, आणि आत अंगठा घातला की कापड आधीच कुणाच्या तरी अंगठ्याचं झालेलं लागतं. हा लेख पुरवणीत द्यावा की नाही, हे मी संगीताला विचारलं. ती म्हणाली, "द्या काका, आईचं नाव येऊ दे. पण टोपी कशी शिवतात ते लिहू नका. माप-आकृती कागदावर आली की तिचाही नमुना होतो." म्हणून संपादकांनी सोबत द्यायला आकृती मागितली तेव्हा मी त्यांना पायमशीनची दिली. आम्हाला तीच मंजूर आहे.